पीएचसीची जनसुनवाई: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत, जाऊन 'औषध आहे का' असे विचारले की उत्तर जवळजवळ नेहमी 'आहे' असेच येते, आणि ते खोटेही नसते. म्हणून जनसुनवाईची, म्हणजे अधिकाऱ्यांना गावासमोर जाब विचारण्याच्या सभेची, तयारी करताना आम्ही 'किती आहे' असे विचारतो आणि कपाट उघडून मोजतो. बाळंतपणाच्या आसपास झटके आलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅमचा द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. पन्नास टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतो, म्हणजे एका बाईला १० अँप्युल लागतात. कपाटात ४ असतील तर साठा नोंदवहीत औषध आहे, बाईसाठी नाही. सर्पदंशाच्या औषधाचेही तसेच. विष चढल्याची लक्षणे दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही मोठ्याइतक्याच, कारण साप मुलाचे वजन पाहून विष कमी सोडत नाही. ३ कुप्या बाळगणारे केंद्र पेशंटला पुढे पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाही आणि उपचाराचा वेळ रस्त्यात जातो.

हे मोजण्याचा हक्क गावाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्याखाली २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या ५ जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे, म्हणजे लोकांनीच आरोग्यसेवांवर लक्ष ठेवण्याचे, काम उभे राहिले. राज्य पातळीवर त्याचा समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेने केला, पुढे आणखी जिल्हे जोडले गेले. गाव, पीएचसी, तालुका, जिल्हा अशा प्रत्येक पातळीवर समिती, तिने भरलेले सेवांचे प्रगतिपुस्तक, आणि शेवटी सगळ्यांसमोर जनसुनवाई, अशी त्याची रचना. या कामाचा निधी कमीजास्त होत राहिला. रीत मात्र कोणत्याही गावाला आजही वापरता येते, म्हणून ती इथे तपशिलाने लिहीत आहोत.

ती लिहिण्यामागे एक पक्की भूमिका आहे. सरकारी दवाखान्याला जाब विचारता येतो. त्याचे कपाट उघडता येते, त्याची नोंदवही मागता येते, त्याच्या डॉक्टरला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना (टीएचओंना) मंडपात बोलावून गावासमोर बसवता येते. नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयाचे यातले काहीच करता येत नाही. कोविडमध्ये ते सगळ्यांनी पाहिले. राज्य सरकारने २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते: साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. पण पीपीई किट आणि काही महागडी औषधे त्या दरांच्या बाहेर होती, आणि बिले तिथेच फुगली. जादा आकारलेले पैसे परत मागण्यासाठी कुटुंबांना एकेक बिल लेखापरीक्षणाला न्यावे लागले. साथीच्या कायद्याने दिलेले अधिकार असतानाही ही गत. एरवी तर खासगी बिलाच्या दराला असे बंधनही नसते. म्हणून सरकारी व्यवस्था टिकवणे आणि तिला जाब विचारणे ही दोन कामे आम्ही वेगळी मानत नाही.

काम वस्तीपासून सुरू होते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बोलावलेल्या बैठकीला तेच तेच लोक येतात आणि सगळे ठीक असल्याचे सांगतात. गावठाणात नर्सबाई येतात, पाड्यावर येत नाहीत, हे पाड्यावर जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून दलित वस्ती, आदिवासी पाडा, ऊसतोड मजुरांची घरे अशा ठिकाणी स्वतंत्र बैठक घ्यावी, आणि बायकांची वेगळी. वेळ त्यांच्या कामाला सोयीची धरावी. भातलावणीत किंवा ऊसतोडीचा हंगाम चालू असताना बैठक ठेवली की चार म्हाताऱ्या येतात आणि कागद भरून निघतो.

प्रश्न विचारण्याची एक पद्धत आहे. 'सेवा चांगली मिळते का' असे विचारले तर लोक डॉक्टर माणूस म्हणून कसा आहे ते सांगतात. त्याऐवजी शेवटचा प्रसंग विचारावा. सिस्टर शेवटच्या कधी आल्या? कोणाच्या दारात आल्या? वजनकाटा बरोबर होता का? रक्तदाब पाहिला का? तुमच्या सुनेचे बाळंतपण कुठे झाले, जाताना गाडी कोणी केली, येताना कोणी? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जाण्यायेण्याची गाडी आणि जेवण हे सगळे फुकट आहे. साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनमध्ये ७ दिवस जेवण मिळायला हवे. हे आधी सांगून मग विचारले की मिळाले नाही ते बायका स्वतःहून सांगतात. हक्क माहीत नसेल तर न मिळाल्याची तक्रारही होत नाही.

घरी असलेले माता-बाल संरक्षण कार्ड पाहायला मागावे. त्यातून बरेच कळते. चार तपासण्यांच्या चारही नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताच्या ओळीत असतील, प्रत्येक वेळी रक्तदाब ११०/७० आणि हिमोग्लोबिन १० असेल, तर कार्ड एका बैठकीत भरले गेले आहे. पण इथे थांबून विचार करावा लागतो. सिस्टरने तसे का केले? बहुतेकदा तिच्याकडे रिकाम्या पडलेल्या शेजारच्या उपकेंद्राचाही भार असतो. नियमाने सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र. दोन उपकेंद्रे सांभाळणारी बाई ऑनलाइन नोंदी करण्यात अर्धा दिवस घालवते, आणि मग राहिलेली घरे कागदावर भरते. खोटी नोंद चूकच आहे, तिची तक्रार व्हायलाच हवी, पण तिच्या जोडीला रिकाम्या पदाची तक्रार नसेल तर सुनवाईत फक्त सिस्टरचा बळी जातो.

बैठकीतून जे निघते ते प्रगतिपुस्तकात भरायचे. हिरवा म्हणजे चांगले, पिवळा म्हणजे अर्धवट, लाल म्हणजे वाईट. मोठ्या कागदावर गावाची नावे आडवी, सेवा उभ्या, आणि चौकटीत रंग. वाचता न येणाऱ्यालाही दुरून कळते की लसीकरणाची ओळ हिरवी आहे आणि बाळंतपणाची लाल. रंग मात्र बैठकीतच ठरवावा, सगळ्यांसमोर. कार्यकर्त्याने घरी जाऊन भरला की तो कार्यकर्त्याचा होतो. मग सुनवाईत कोणी विचारले तर पाड्यावरची माणसे त्याच्यामागे उभी राहत नाहीत.

पुढे केंद्राची भेट. टीएचओंचे पत्र आधी घ्यावे. न सांगता गेलात तर पहिला तास तुम्ही कोण यातच जातो. जाणाऱ्यांत ४-५ जणच असावेत, त्यात एक पंचायतीचा सदस्य आणि निदान दोन बायका. बाजाराच्या दिवशी जावे, कारण त्या दिवशी ओपीडीची खरी गर्दी असते. कपाट मोजण्याचे वर सांगितलेच. त्याशिवाय आम्ही काही गोष्टी नक्की पाहतो. लसींच्या फ्रीजचे, म्हणजे आयएलआरचे, तापमान २ ते ८ अंशांत हवे आणि ते दिवसातून दोनदा लिहिलेले हवे. वहीतला आकडा आणि आतल्या थर्मामीटरचा आकडा ताडून पाहावा. ऑक्सिटोसिनही थंडच लागते. ते प्रसूतीखोलीच्या खिडकीत ट्रेमध्ये ठेवलेले आढळले तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला नेमके तेच इंजेक्शन कमी पडणार. सर्पदंशासाठी काचेची नवी, स्वच्छ, कोरडी परीक्षानळी आहे का ते विचारावे. ताजे रक्त तीत २० मिनिटे न हलवता ठेवून गोठते का ते पाहायचे असते. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. ही नळी काही रुपयांची आहे. ती नसण्याला निधीचे कारण देता येत नाही.

कुत्रा चावल्यावरच्या लसीची अडचण वेगळी आहे. कातडीत द्यायच्या पद्धतीत दोन जागी ०.१ मिलिलिटर दिली जाते, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. एका बाटलीत अनेकांचे काम होते, पण फोडलेली बाटली काही तासांतच वापरावी लागते. म्हणून एकटा पेशंट आला की 'उद्या या, चौघे जमू द्या' असे सांगितले जाते. रोजंदारीवरचा माणूस एकदा परत गेला की दुसऱ्यांदा येतोच असे नाही, आणि रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही. सुनवाईत ही गोष्ट मांडताना आम्ही लेखी आदेश मागतो की माणूस एक असला तरी बाटली फोडावी. वाया जाणाऱ्या डोसांचा हिशेब मागणीत धरला की औषध निर्माण अधिकाऱ्याची भीती जाते. तो बिचारा लस वाया घालवल्याचा ठपका टाळत असतो.

बाहेर पडणाऱ्या पेशंटांशी बोलायचे ते फाटकापासून लांब, रिक्षा थांब्यावर किंवा चहाच्या टपरीपाशी. पैसे घेतले का, बाहेरची चिठ्ठी दिली का, कोणत्या दुकानाची दिली, हे विचारावे. चिठ्ठी असेल तर तिचा फोटो घ्यावा, आणि दुकानाची पावती असेल तर तिचाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या संस्थांत केसपेपरसकट सर्व सेवा मोफत आहेत. पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात येते. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये आणि महापालिकांचे दवाखाने त्यात नाहीत. हा फरक माहीत नसला की लोक चुकीच्या ठिकाणी भांडतात आणि बरोबर ठिकाणी पैसे देऊन येतात. बाहेरची चिठ्ठी म्हणजे मोफत सेवेला पाडलेले भोक. डॉक्टर फुकट, तपासणी फुकट, आणि औषध दुकानातून. असे दोनदा झाले की माणूस म्हणतो, दुकानातूनच घ्यायचे तर सरळ खासगीतच जाऊ. सरकारी दवाखान्याचे पेशंट असे जातात, मग ओपीडी कमी दाखवून त्याची पदे भरायची टाळली जातात, आणि पुढे तो चालवायला कोणातरी संस्थेला द्यावा असे बोलले जाऊ लागते.

आता कागदांचे काम, आणि सुनवाई यशस्वी होते ती इथेच. गोळा झालेल्या तक्रारी पातळीप्रमाणे वेगळ्या कराव्या लागतात. वागणूक, वेळा, बेकायदा पैसे, स्वच्छता, जेवण या गोष्टी वैद्यकीय अधिकारी सुधारू शकतात. उपकेंद्राची रिकामी जागा, गाडीचे डिझेल, दुरुस्ती हे तालुका आणि जिल्हा परिषदेकडे. औषधांची खरेदी आणि पदभरती राज्याकडे. हे न करता सगळा ढीग पीएचसीच्या डॉक्टरसमोर टाकला की तो खरेदीच्या तक्रारीपुढे हात वर करतो, आणि त्याच दमात पैसे घेतल्याच्या तक्रारीतूनही सुटतो.

प्रत्येक तक्रारीला एक पान. वर संस्थेचे नाव, तारीख, काय घडले ते पाच-सहा ओळींत, कोणता हक्क मोडला, कोणता कागद जोडला आहे आणि मागणी काय. मागणी मोजता येईल अशी असावी. 'सेवा सुधारावी' ही मागणी नव्हे. 'घेतलेले पैसे परत करावेत', 'दवाखान्यातल्या बाळंतपणाबद्दल जननी सुरक्षा योजनेतून मिळायचे थकलेले ७०० रुपये खात्यावर जमा करावेत', 'सर्पदंशाच्या औषधाचा किमान साठा २० कुप्या ठेवावा' या मागण्या आहेत. त्या ७०० रुपयांबद्दल एक सांगायचे राहते. ते अडकतात ते बहुतेकदा नावामुळे. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, आणि मग पैसे परत फिरतात. त्यासाठी सुनवाईची वाट पाहू नये. आशाताईंबरोबर बसून आधीच यादी करून दुरुस्त्या करून घ्याव्यात, म्हणजे सुनवाईचा वेळ मोठ्या प्रश्नांना मिळतो.

जिच्यावर प्रसंग गुदरला तिची संमती लेखी घ्यावी, आणि नाव जाहीर करायचे की नाही ते तिलाच ठरवू द्यावे. गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही असे काही असेल तर नाव घेऊच नये. त्या दिवशी ती आली नाही तर तिच्या वतीने कोण बोलणार तेही आधी ठरवावे. पुन्हा त्याच दवाखान्यात जायचे आहे ही भीती खरी आहे, ती भाषण करून जात नाही.

आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून सुनवाईच्या निदान दीड-दोन महिने आधी अर्ज टाकावा. मंजूर पदे आणि भरलेली पदे यांचा एक अर्ज, मागच्या वर्षभरात मागवलेली आणि मिळालेली औषधे यांचा दुसरा, दवाखान्याचा निधी खर्च करणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या खर्चाचा तिसरा. मागवलेल्या आणि मिळालेल्या औषधांचे आकडे शेजारी ठेवले की सुनवाईची दिशाच बदलते. डॉक्टरने मागणी केली होती आणि पुरवठा झाला नाही हे कागदावर आले की तो आपल्या बाजूने बोलू लागतो.

तो बोलावा अशीच आपली तयारी असावी. तक्रारींच्या प्रती वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि टीएचओंना आठवडाभर आधी द्याव्यात. काही कार्यकर्त्यांना हे पटत नाही, त्यांना वाटते समोरचा पळवाटा शोधेल. आमचे मत उलट आहे. आधी कागद दिला की निम्म्या गोष्टी सुनवाईआधीच सुटतात. प्रसूतीखोलीत पडदा लागतो, तक्रारपेटीला कुलूप येते, पैसे घेणारा माणूस घरी जाऊन ते परत देतो. उरतात ते खरे अडलेले प्रश्न. शिवाय 'मला काही माहीतच नव्हते, चौकशी करतो' हे उत्तर बंद होते.

जागा पीएचसीचे आवार किंवा पंचायत समितीचे सभागृह. मंगल कार्यालय शक्यतो टाळावे, लोकांना ते कार्यक्रमासारखे वाटते. पॅनेलवर एखादे बाहेरचे डॉक्टर, वकील, पत्रकार, महिला संघटनेतले कोणी, आणि तालुक्याबाहेरचा एकतरी माणूस. बसण्याची रचना अशी करावी की बोलणारी बाई पॅनेलकडे तोंड करून बोलेल आणि अधिकारी तिच्या बाजूला बसतील, समोर उंच व्यासपीठावर नाहीत. सत्कार, हारतुरे, प्रास्ताविक यांना फाटा द्यावा, त्यातच दीड तास जातो आणि लांबच्या पाड्यावरच्या बायका एसटीच्या वेळेला उठून जातात. त्यांच्या तक्रारी पहिल्या घ्याव्यात. सुरुवातीला प्रगतिपुस्तक भिंतीवर लावून जे हिरवे आहे ते वाचावे. लसीकरण चांगले चालले असेल, एखाद्या सिस्टरने रात्री-अपरात्री बाळंतपणे सांभाळली असतील, तर ते मोठ्याने सांगावे. ते खरे असते म्हणून सांगायचे, आणि कर्मचाऱ्यांना कळते की गाव त्यांच्या विरोधात उभे नाही. रायगड जिल्ह्यात सरकारी नोकरीत असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रोगी रात्ररात्र जवळ बसून पाहिले, आणि त्यातून प्रॅझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला. त्याआधी कोकणात विंचवाने मुले दगावत. ग्रामीण सरकारी दवाखान्यात काय होऊ शकते ते सांगायला हे एक उदाहरण आम्ही हमखास देतो.

प्रत्येक तक्रारीवर तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: अधिकाऱ्याचे उत्तर, पॅनेलचा निर्णय, आणि कोण कधीपर्यंत करणार. लिहिणारे दोघे असावेत. 'लवकरच' हा शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नये, तारीख मागावी.

बिघडते कुठे? सगळ्यात जास्त वेळा स्थानिक राजकारणात. निवडणूक जवळ असली की सुनवाई सरपंचाच्या विरोधी गटाचे हत्यार होते, मग आरोग्याचे प्रश्न बाजूला राहतात. म्हणून आचारसंहितेच्या आसपास तारीख धरू नये आणि कोणत्याही पुढाऱ्याला अध्यक्ष करू नये. दुसरे, कंत्राटी कर्मचाऱ्यांचे. कारवाई करून दाखवायची झाली की ती ११ महिन्यांच्या करारावरच्या नर्सवर किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर होते, कायम नोकरीतल्यांना हात लागत नाही. आम्ही सुनवाईत स्पष्ट मागतो की कारवाईआधी त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे, आणि थकलेला पगार असेल तर तोही त्याच इतिवृत्तात यावा. चार महिने पगार न मिळालेल्या माणसाकडून गोड वागणुकीची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

औषधांचा प्रश्न तालुक्यात सुटत नाही, हेही मान्य करावे लागते. राज्यात खरेदीचे काम २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेले, आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणासाठी कायदा झाला. तमिळनाडूने हे काम १९९४ मध्येच वेगळ्या महामंडळाकडे दिले. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम असते, आणि जिल्ह्याच्या गोदामातून तो आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलतो. गोदामात आलेल्या मालाचे नमुने तपासल्याशिवाय माल पुढे जात नाही. पीएचसीने काय हवे ते ठरवणे आणि वरून जे येईल ते घेणे, या दोन रीतींतला फरक कपाटात दिसतो. सुनवाईतून जाणाऱ्या राज्य पातळीच्या मागणीत आम्ही हे पासबुक नेहमी घालतो.

आणि एक प्रश्न प्रत्येक सुनवाईत कोणीतरी विचारतेच: आता आपल्याकडे ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराचे कार्ड आहे, मोठ्या दवाखान्यात फुकट होते, मग या पीएचसीसाठी भांडायचे कशाला? विचारणाऱ्याचे चुकत नाही. २०२३ मध्ये राज्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सगळ्या कुटुंबांना लागू करायचे ठरवले, आणि शस्त्रक्रियेसाठी घर गहाण टाकणाऱ्यांना तिचा आधार होतो. पण ती ठरलेल्या यादीतल्या, भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, तापाचे औषध, गरोदरपणातली तपासणी तिच्यात नाही. कार्डाने लकव्यानंतरचा उपचार मिळतो. लकवा येऊ नये म्हणून लागणारी अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी पीएचसीतूनच मिळायची असते. शिवाय योजनेतली रुग्णालये मोठ्या गावांत आणि शहरांत एकवटलेली आहेत. धडगावच्या किंवा मेळघाटच्या माणसाला कार्ड दाखवायलाही आधी प्रवास करावा लागतो.

पैशाची बाजूही लोकांसमोर ठेवावी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणे सोडून, सरकारी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च ४,४५२ रुपये निघाला आणि खासगीत ३१,८४५ रुपये. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी संस्थांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती, खासगीत ४७.४ टक्के. गुंतागुंतीच्या बायका मोठ्या संख्येने सरकारीकडेच पाठवल्या जात असताना हा फरक आहे. तो बायकांच्या शरीरातल्या फरकाचा असू शकत नाही. प्रत्येक उपचारामागे पैसे मिळत असले की उपचार वाढतात, आणि त्याचे बिल कधी कुटुंब भरते, कधी योजनेतून आपणच.

जिल्हा रुग्णालये खासगी संस्थांच्या हाती देण्याचा विचारही वरून येत राहतो. नीती आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मांडलेल्या मसुद्यात जिल्हा रुग्णालय ६० वर्षांसाठी खासगी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडायचे होते, आणि खाटांची विभागणी 'नियंत्रित' आणि 'बाजारभावाच्या' अशी होती. तसा प्रस्ताव आपल्या जिल्ह्यात आला तर ग्रामसभेने पहिल्यांदा विचारायच्या गोष्टी अशा: पीएचसीने रेफर केलेला पेशंट कोणत्या खाटेवर जाणार? खाट भरली असल्याचे कोण तपासणार? करारातली अट मोडली तर दंड किती आणि तो कोण वसूल करणार? सध्याच्या कर्मचाऱ्यांचे काय? करार मराठीत, सही होण्याआधी पाहायला मिळणार का? ही उत्तरे लेखी मागावीत आणि ठरावात घालावीत. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जिल्हा परिषद, पालकमंत्री आणि आरोग्य सचिव या तिघांनाही पोच घेऊन द्यावी.

सुनवाईनंतरचा पहिला महिना महत्त्वाचा. इतिवृत्त आठवड्याच्या आत टाइप करून त्यावर टीएचओंची सही घ्यावी. उशीर झाला की कोण काय म्हणाले यावर वाद सुरू होतो. निर्णयांचा तक्ता मोठ्या अक्षरांत पीएचसीच्या ओपीडीबाहेर लावावा: काम, जबाबदार अधिकारी, तारीख, झाले किंवा नाही. महिन्याला एकदा समितीतल्या दोघांनी जाऊन शेवटचा रकाना भरावा. पैसे परत मिळाले असतील तर ज्यांना मिळाले त्यांची सही घ्यावी. राज्याकडे गेलेल्या मागण्यांचे जावक क्रमांक त्याच तक्त्यावर लिहावेत, नाहीतर त्या कोणाच्याच राहत नाहीत.

आणि बदल्यांची तयारी ठेवावी. मे-जूनमध्ये बदल्या होतात, नवे टीएचओ येतात आणि आधीचे काही माहीत नसल्याचे खरेच सांगतात. ते रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात इतिवृत्त, तक्ता आणि अपूर्ण कामांची एका पानाची यादी घेऊन जावे, वाचून दाखवावे, आणि पोच घ्यावी. जाताना पाड्यावरच्या निदान एका बाईला बरोबर न्यावे. पुढच्या सुनवाईची तारीख त्याच भेटीत मागून घ्यावी, शक्यतो सप्टेंबर किंवा ऑक्टोबरातली, म्हणजे पावसाळ्यातल्या सर्पदंशांच्या आणि तापाच्या नोंदी हातात असतात.